काकांचा कॉम्प्युटर चालू झाला की अख्ख्या वाड्याचं नेट बसतं. काय काय तपासू?

गावभागी । मंगळवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे. अर्धा तांत्रिक, अर्धा घरगुती, त्यामुळे कुठल्या विभागात टाकायचा ते कळेना.

सांगलीत गावभागात आमचा जुना वाडा. खाली काका-काकू, मधल्या मजल्यावर आम्ही, वर दादा-वहिनी आणि त्यांचा नववीतला चिरंजीव. फायबरचं कनेक्शन एकच, ५० एमबीपीएसचं, बिल तिघांत. वायर खालूनच आत येते म्हणून राउटर काकांच्या खोलीत. काकांचा डेस्कटॉप केबलने राउटरला जोडलेला, बाकी सगळे वायफायवर. जिन्यात एक एक्स्टेंडर लावलाय.

गेले अडीच-तीन महिने रोज संध्याकाळी सातनंतर नेट बसतं. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. साडेसातला मीटिंग असते. आधी समोरच्यांचा आवाज तुटतो, मग माझं चित्र गोठतं, मग मीच बाहेर फेकला जातो. वरून चिरंजीव मला (त्याचा काका मी) ओरडतो, "काका, नेट घालवलंत का?" दहाच्या सुमारास सगळं आपोआप सुरळीत.

पाळत ठेवली तेव्हा ध्यानात आलं की काका कॉम्प्युटर बंद करून उठले की नेट जागं होतं. मागच्या शनिवारी ते दोघं मिरजेला लग्नाला गेले होते, त्या संध्याकाळी नेट नुसतं पळत होतं. पण काका करतात काय? व्हिडिओ बघत नाहीत, गाणी लावत नाहीत. विचारलं तर म्हणाले, "मी नेट वापरतच नाही. मी स्कॅनिंग करतो." काका मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत. पुराव्याशिवाय आरोप केला तर या वयात अंगठे धरून उभं राहायची वेळ यायची.

केबलवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा दुपारी. स्पीड ४८ दाखवला, चहा घेतला, गेला. राउटर बंद-चालू करून झाला, एक्स्टेंडरची जागा बदलून झाली. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

भडंगप्रेमी । मंगळवार, रात्री १०:३१

व्हायरस. शंभर टक्के. फॉरमॅट मारा आणि मोकळे व्हा.

तासगावकडचा । मंगळवार, रात्री १०:४४

भाऊ, वाड्याच्या भिती किती जाडीच्या हायत? दोन फुटी दगड-मातीची भित असली तर वायफाय काय पलीकडं जातंय? आमच्या बेदाण्याच्या शेडवर नुसता पत्रा हाय, तरी रेंज मिळंना. आधी वायर वढून घ्या वरपतोर, मग काकांचं बघू.

कोरडा_माणूस । मंगळवार, रात्री १०:५२

डीएनएस बदलून १.१.१.१ ठेवा. माझ्याकडे फरक पडला होता. विंडोजच्या अपडेटमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाचं एक खातं असतं, तेही बघा. ते चालू असलं तर आपला कॉम्प्युटर उतरवून घेतलेले अपडेट बाहेरच्या कॉम्प्युटरांनाही वाटत बसू शकतो.

पिंगळा । मंगळवार, रात्री ११:३०

फॉरमॅट कोणीही मारू नका. काकांच्या मशीनवर काय आहे तेच अजून माहीत नाही, पुसता काय?

डीएनएसचं काम नाव सांगितल्यावर पत्ता शोधून देण्याचं. पत्ता मिळाल्यावर वाटेत गाडी अडकली तर त्यात डीएनएसचा काय दोष? कोरडेभाऊंचा दुसरा मुद्दा मात्र बरोबर दिशेला आहे. भिंतीचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण काका उठल्यावर भिंत पातळ होते का?

गावभागी, उद्या एवढंच करा. रोज जिथे बसून मीटिंग करता तिथेच बसा. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडक्या दोन उघडा. एकीतून राउटरला पिंग लावा, म्हणजे डेटाचं एक छोटं पाकीट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असेल, पाठीवरच्या स्टिकरवर असतो. दुसरीतून बाहेर, ८.८.८.८ ला. शेवटी डॅश टी लावा म्हणजे थांबणार नाही. काकांचा कॉम्प्युटर बंद असताना पाच मिनिटं आणि चालू असताना पाच मिनिटं. चारही आकडे इथे टाका. स्पीड टेस्टही दोन्ही वेळा, आणि त्यात अपलोडचा आकडा बघायचा. तो कोणी बघतच नाही.

मिरजकरीण । बुधवार, सकाळी ७:०५

पिंगळादादा तांत्रिक बघतील, मी घरगुती सांगते. "तुमच्यामुळे नेट बंद पडतं" असं वाक्य काढू नका. आमच्याकडे सासऱ्यांना एकदा असंच बोलून गेलो आणि त्यांनी आठवडाभर टीव्हीसुद्धा लावला नाही. "काका, एक गोष्ट अडलीय, तुमच्या मशीनवर बघू का?" असं विचारा.

आणि घरातले मोबाइलही बघा. लग्नावरून आल्यावर वायफाय पकडलं की फोटो-व्हिडिओचे बॅकअप सुरू होतात. आमच्याकडे गणपतीनंतर दोन दिवस तोच प्रकार होता.

गावभागी । बुधवार, रात्री ९:५०

आकडे घ्या.

काका बंद: राउटरला ६ ते ९ मिलिसेकंद, बाहेर २४ ते ३०. डाउनलोड ४७, अपलोड १०.

काका चालू: राउटरला ७ ते १२, बाहेर ९०० ते १३००, मधूनच "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". डाउनलोड ६, अपलोड ०.७.

डाउनलोडसुद्धा ६ वर आलं, म्हणजे काका काहीतरी जबरी उतरवून घेतायत?

पिंगळा । बुधवार, रात्री १०:४०

नाही. उलट आहे. काका पाठवतायत.

आधी राउटरचा आकडा बघा. काका असोत-नसोत, तुमच्या खोलीपासून राउटरपर्यंतची वाट तेवढीच मोकळी आहे. म्हणजे भिंत, एक्स्टेंडर, वायफाय, सगळे निर्दोष सुटले. तासगावकर, माफ करा. घोळ राउटरच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे आणि त्या वाटेची रुंदी फक्त १० एमबीपीएस.

साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यासमोर आणा. सीझन चालू आहे. काट्यावरून तासाला ठरावीकच ट्रॅक्टर आत जातात, तो तुमचा अपलोड. काट्याबाहेरचं मैदान म्हणजे बफर. काकांच्या मशीनने दोनशे ट्रॉल्या एकदम आणून उभ्या केल्या. मैदान ऐसपैस, त्यामुळे कोणाला परत लावत नाहीत, नंबर लावा म्हणतात. आता तुम्ही सायकलवर एक चिठ्ठी घेऊन आलात. वजन पोस्टकार्डाएवढं. पण जायचं त्याच काट्यावरून, आणि नंबर दोनशे एकावा. तुमचे १३०० मिलिसेकंद त्या मैदानात जातायत. हिशेबच करायचा तर १० एमबीपीएसच्या वाटेवर एक सेकंद उशीर म्हणजे सव्वा एमबी माल पुढे उभा आहे.

आता डाउनलोड का पडतं? माल उतरवून घेताना आपल्यालाही "मिळालं, मिळालं" अशी पोच मागे पाठवावी लागते. ती पोच याच रांगेत अडकते. समोरच्याला पोच वेळेवर मिळाली नाही की तो पुढचा माल हात आखडून सोडतो. म्हणून अपलोड तुंबलं की डाउनलोडही बसतं आणि घरातल्या सगळ्यांना वाटतं की कोणीतरी सिनेमा उतरवतोय.

यातली गंमत अशी की मैदान लहान असतं तर बरं झालं असतं. दहा ट्रॉल्यांनंतर वॉचमनने परत लावलं असतं, बातमी फडात गेली असती आणि तोड कमी झाली असती. टीसीपी, म्हणजे नेटवरून माल पाठवायची रीत, असाच चालतो. पाकीट वाटेत गळालं की तो समजतो पुढे गर्दी आहे, आणि वेग कमी करतो. पण मेमरी स्वस्त झाली, तशी डब्यांमध्ये मैदानं मोठी ठेवायची पद्धत पडली. पाकीट गळतच नाही, नुसतं उभं राहतं, आणि पाठवणारा आपला पाठवतच राहतो. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अमेरिकन माणसाने २०१० च्या सुमारास हे नाव दिलं. तोही घरून भरपूर फायली बाहेर पाठवत होता आणि पोरं नेट हळू चालतं म्हणून तक्रार करत होती. म्हणजे तुमच्या वाड्यातलाच प्रसंग, काका तेवढे वेगळे.

आता शोधायचं एवढंच की काकांच्या मशीनवरून ट्रॉल्या कोण भरतंय. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन रिसोर्स मॉनिटर, त्यात नेटवर्क. "सेंड" या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त पाठवणारा वर येतो.

भडंगप्रेमी । बुधवार, रात्री १०:४८

ट्रॉल्यांचं उदाहरण कडक. तरी मी म्हणतो व्हायरसच निघणार. पैज लावता? अर्धा किलो भडंग.

पिंगळा । बुधवार, रात्री १०:५१

लागली.

किल्ल्याच्या_पायथ्याशी । गुरुवार, दुपारी १:१५

धागा चोरतोय, क्षमस्व. आमच्याकडे साताऱ्यात, शाहूपुरीत, अगदी हाच त्रास. मुलीचा जुना डेस्कटॉप माडीवर आहे, त्याला यूएसबीचं एक छोटं वायफाय डाँगल लावलंय. तो चालू झाला की सगळ्यांचं नेट रडतं. काल तुमची पिंगची युक्ती केली. पण माझे आकडे वेगळे आले. राउटरलाच २५० ते ४०० येतंय. कॉम्प्युटर बंद केला की २-३. तिनं अपलोड काही लावलेलं नाही, साधे क्लासचे व्हिडिओ बघते.

पिंगळा । गुरुवार, दुपारी २:४०

बरं झालं टाकलंत. लक्षण तेच, रोग वेगळा. तुमचा उशीर राउटरच्या अलीकडेच होतोय, म्हणजे हवेतच.

एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. पाळी साधारण सगळ्यांना सारखी मिळते. पण पाळी सारखी म्हणजे वेळ सारखा नव्हे. १५०० बाइटचं एक पाकीट ५४ च्या वेगाने हवेतून जायला पाव मिलिसेकंदही लागत नाही. तेच पाकीट रेंज मरतुकडी असल्यामुळे १ एमबीपीएसवर आलेल्या डाँगलशी बोलताना १२ मिलिसेकंद खातं. मुलगी कमी डेटा वापरते, पण हवा जास्त वापरते. २००३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं होतं की एक यंत्र मंद असलं की बाकीचे वेगवान गडीही जवळजवळ त्याच्याच चालीने चालायला लागतात.

किल्ल्याच्या_पायथ्याशी । गुरुवार, दुपारी २:५५

खंबाटकीत पुढे लोड ट्रक लागल्यासारखं! मागे मर्सिडीज असली तरी वीसनेच.

पिंगळा । गुरुवार, दुपारी ३:०२

अगदी तेच. डाँगल काढा आणि कॅट ६ ची नेटवर्क (इथरनेट) वायर टाका. इथरनेटला १०० मीटरपर्यंत चिंता नाही, माडी काही त्याहून लांब नसणार. वायर अगदीच नको असेल तर चांगलं ५ गिगाहर्ट्झचं कार्ड बसवा आणि राउटर मध्यावर आणा. तोवर डाँगल यूएसबीच्या एक्स्टेंशन वायरने कॅबिनेटच्या मागून बाहेर काढून टेबलावर ठेवा. पत्र्याच्या डब्याआड बसवून रेंज कशी मिळणार?

वायरमन । गुरुवार, रात्री ८:१०

मी याच धंद्यात नऊ वर्षं काढली, आता सोडलं. केबलवाल्याच्या पोराची बाजू मांडतो. त्याला दिवसाला पंधरा कंप्लेंट असतात. तो दुपारी येतो तेव्हा काका वामकुक्षीला. लाइन मोकळी, स्पीड ४८, मीटरवर फायबरमधल्या उजेडाची पॉवर उणे १९ वगैरे. उणे २७ च्या खाली गेलं तर आमचं दुखणं. लाल दिवा पेटत नाही, लाइट व्यवस्थित येतोय, मग तो काय लिहिणार? "ओके" लिहून जाणार. कंप्लेंट संध्याकाळी साडेसातला लिहायची आणि पिंगचे आकडे द्यायचे. "नेट स्लो आहे" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलेलं असतं की कानात शिरत नाही.

आणि ग्राहकांनो, प्लॅन घेताना अपलोड किती ते विचारत जा. ५० चा प्लॅन म्हटलं की वरखाली दोन्हीकडे ५० असं गृहीत धरता.

गावभागी । गुरुवार, रात्री ११:२०

सापडलं! आणि भडंगप्रेमी, अर्धा किलो काढा.

मिरजकरीणताईंचा सल्ला मानला. "काका, एक अडलंय" म्हणून खाली गेलो. काकांनी खुर्ची सोडली नाही, शेजारी स्टूल दिलं. रिसोर्स मॉनिटर लावला तर सगळ्यात वर क्लाउड बॅकअपचा प्रोग्रॅम, सेकंदाला १२ लाख बाइट पाठवतोय. बरोबर १० एमबीपीएसच्या तोंडाशी.

आता लाजेची गोष्ट. तो प्रोग्रॅम मीच दिवाळीत टाकून दिला होता. सगळं डॉक्युमेंट्स फोल्डर निवडून, "कायम चालू" करून, विसरून गेलो होतो.

थोडं मागचं सांगायला हवं. पणजोबांची हळदीची अडत होती. त्यांच्या कीर्दी-खतावण्या खालच्या फडताळात होत्या, बऱ्याचशा मोडीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५), तेव्हा आम्ही माणसं आणि गॅस सिलिंडर वर नेले, वह्या राहिल्या. पाणी उतरल्यावर निम्म्यांचा लगदा झाला होता. उरलेल्या अकरा वह्या काकूंनी गच्चीत पान-पान सुटं करून वाळवल्या. काका आता रोज संध्याकाळी बारा-पंधरा पानं स्कॅन करतात. "परत पाणी आलं तरी ढगात जाऊन बुडवणार आहे का?" असं त्यांनीच दिवाळीत विचारलं, म्हणून मी ढगाची सोय केली.

पण मला कोडं पडलंय. दिवसाला बारा पानं. तीन महिने झाले. एवढ्यात अपलोड कधीच संपायला हवं होतं. तो प्रोग्रॅम रोज "१ फाइल बाकी" एवढंच दाखवतो.

कोरडा_माणूस । शुक्रवार, सकाळी ८:३०

१ फाइल? बारा पानं असतील तर बारा फायली हव्यात. काका एका वहीची एकच फाइल करतायत का?

गावभागी । शुक्रवार, सकाळी ९:०५

आत्ता विचारून आलो. होय! स्कॅनरच्या प्रोग्रॅममध्ये "पान जोडा" असं बटण आहे. एक वही म्हणजे एक फाइल, असा काकांचा शिस्तीचा हिशेब. रंगीत, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), टिफ प्रकारची फाइल. "जेपीईजीत अक्षराच्या कडा फुटतात," असं त्यांचं म्हणणं, आणि भिंगातून दाखवून त्यांनी ते सिद्धही केलं.

कोरडा_माणूस । शुक्रवार, सकाळी ९:४०

मग कोडं सुटलं. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट. दाबलेलं नसेल तर पानाला २६ एमबी. काकांनी चाळिसावं पान जोडलं की फाइल बदलली. काही प्रोग्रॅम बदललेला तुकडाच पाठवतात, तुमचा बहुधा अख्खी फाइल पहिल्यापासून पाठवतो. म्हणजे एक पान नवं, वर चढतात चाळीस पानं. ती निम्मी चढेतो काका एकेचाळिसावं जोडतात. झालं, पुन्हा श्रीगणेशा.

वही ८० पानांची धरा. खरा माल २ जीबी, म्हणजे १० एमबीपीएसवर अर्धा तास. आणि दर पानाला पूर्ण फाइल परत चढवायची म्हटलं तर १ ते ८० ची बेरीज, ३२४० पानं, ८४ जीबी. पावणेएकोणीस तास. तेही फक्त एका वहीचे.

पिंगळा । शुक्रवार, सकाळी १०:१५

कोरडेभाऊ, टोपी काढली. मी प्रोग्रॅमवर मर्यादा घाला एवढं सांगून मोकळा होणार होतो. ती तर घालाच. सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा असते, ३ एमबीपीएसपर्यंत आणा. शिवाय चालू वही बॅकअपच्या फोल्डरबाहेर ठेवा.

गावभागी । शुक्रवार, रात्री ९:१०

मर्यादा घातली. ३००० लिहिलं. काहीही फरक नाही. बाहेरचं पिंग ११००. आजची मीटिंगही गेली. काका म्हणाले, "म्हणजे माझा कॉम्प्युटर नव्हता तर." आता माझी पंचाईत.

वायरमन । शुक्रवार, रात्री ९:१८

त्या चौकटीपुढे काय लिहिलंय ते नीट वाचा. किलोबिट की किलोबाइट?

गावभागी । शुक्रवार, रात्री ९:२१

किलोबाइट. 🤦

वायरमन । शुक्रवार, रात्री ९:२४

एका बाइटात ८ बिट. म्हणजे ३००० गुणिले ८, तुम्ही २४ एमबीपीएसची मर्यादा घातली. रस्ता १० चा. हे म्हणजे गणपती पेठेत गाडीला ताशी १२० ची मर्यादा लावण्यासारखं झालं. ३०० लिहा.

गावभागी । शुक्रवार, रात्री ९:४०

३०० लिहिलं. काकांचं मशीन चालू, बॅकअप चालू, आणि बाहेरचं पिंग २८ ते ४०. डाउनलोड ४५. वरून चिरंजीवाचा आवाज आला, "काका, काय केलंत?" पहिल्यांदाच चांगल्या अर्थाने.

तासगावकडचा । शुक्रवार, रात्री १०:०२

आता राउटरलाच शानपन शिकवायची काय सोय न्हाई काय? उद्या दुसऱ्या कुनी फोटू चढवलं की परत तेच की.

पिंगळा । शनिवार, सकाळी ११:००

आहे. केबलवाल्याने दिलेल्या डब्यात बहुतेक वेळा नसते, आपला राउटर घ्यावा लागतो. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत प्रणाली) चालणारा राउटर घेतलात तर त्यात एसक्यूएम म्हणून सोय मिळते. तिथे अपलोड मुद्दाम खऱ्यापेक्षा थोडा कमी सांगायचा, १० असेल तर ९. मग रांग केबलवाल्याच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि रांगेवर आपला वॉचमन उभा राहतो. तो दोन कामं करतो. ट्रॉल्यांची आणि सायकलींची रांग वेगळी लावतो, आणि एखादं पाकीट फार वेळ उभं राहायला लागलं की एखाद-दुसरं टाकून देतो, म्हणजे मागे फडात बातमी जाते. पाकीट टाकून देण्याची ही दुसरी युक्ती, कोडेल नावाची, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली मांडली. दहातला एक एमबीपीएस जातो, पण त्या बदल्यात कोणी काहीही चढवो, मीटिंग तुटत नाही. माझ्याकडे चार वर्षं चालू आहे. घरात नेटवरून भांडण नाही, बाकी विषय आहेतच.

साध्या राउटरमध्ये "बँडविड्थ कंट्रोल" असेल तर तेही चालेल. एकेका यंत्राला वरची मर्यादा घालता येते. थोडं ओबडधोबड आहे, पण गावभागींच्या घराला पुरेल.

मिरजकरीण । शनिवार, दुपारी १२:३०

सगळं झालं, पण काकांना सांगितलं कसं? ते लिहा आधी.

गावभागी । सोमवार, रात्री १०:०५

सांगतो. रविवारी सकाळी चहाला खाली गेलो आणि कागदावर कोरडेभाऊंचा हिशेब मांडला. १ ते ८० ची बेरीज म्हटल्यावर काकांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, ऐंशी गुणिले एक्क्याऐंशी भागिले दोन करून ३२४० स्वतः काढले, आणि दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पहिलं पान ऐंशी वेळा गेलं?" हो म्हटलं. "आणि ऐंशीवं एकदाच?" हो. "अन्यायच झाला की." मी लावून दिलेल्या प्रोग्रॅमबद्दल मीच आधी कबुली देऊन टाकली होती, त्यामुळे कोणावर रागवायचं हा प्रश्न सुटला होता.

आता व्यवस्था अशी. डी ड्राइव्हवर "चालू वही" म्हणून फोल्डर, तो बॅकअपच्या बाहेर. काका प्रत्येक पान वेगळ्या फाइलमध्ये घेतात, नावात वही आणि पान क्रमांक. उठायच्या आधी त्या दिवशीची पानं उचलून बॅकअपच्या फोल्डरात टाकतात. बारा पानं म्हणजे ३१२ एमबी. ३०० च्या मर्यादेत सतरा-अठरा मिनिटं लागतात, तेवढ्यात त्यांचं जेवण होतं. मर्यादा काढली तर चार मिनिटांचंच काम. तीन महिने अख्खा वाडा चार मिनिटांच्या कामासाठी तुंबला होता.

आज साडेसातची मीटिंग विनातक्रार झाली. पलीकडच्या एकाने विचारलं, "नवीन कनेक्शन घेतलंस का?"

किल्ल्याच्या_पायथ्याशी । सोमवार, रात्री १०:३०

आमच्याकडेही मिटलं. १८ मीटर वायर टाकली, जिन्याच्या कडेने. राउटरचं पिंग २. लेक म्हणते वायर दिसते, चांगली नाही दिसत. रंगवून देतो म्हटलंय.

भडंगप्रेमी । सोमवार, रात्री १०:४१

पिंगळा, पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा. तिखट की मध्यम?

पिंगळा । सोमवार, रात्री १०:४३

तिखट. पण निम्मं कोरडेभाऊंना पाठवा. वहीचं कोडं त्यांनी सोडवलं.

तासगावकडचा । सोमवार, रात्री ११:१०

गावभागी, आमच्या आज्ज्याला मोडी वाचता येतीया. डोळं अधू झाल्यात, पर मोठं करून दाखवलं की वाचतंय म्हातारं. त्या कीर्दीत तासगावच्या कुना शेतकऱ्याची हळद आल्याली हाय का बघा की.

गावभागी । मंगळवार, सकाळी ७:१५

काकांना विचारलं. रात्रीच तीन पानं बाजूला काढून ठेवलीत त्यांनी, तासगाव पेठेचा उल्लेख असलेली. फक्त म्हणाले, "टिफच पाठव. जेपीईजी नको." ७८ एमबी आहेत. दुपारी पाठवतो, सातच्या आत.